निरोपाचा मान

गेल्या दिवाळीच्या सुट्टींतली गोष्ट. दुपारची वामकुक्षी आटोपून मी माडीवरून खालीं येत होतों, तों दिवाणखान्यांतून नातीचा आवाज कानांवर आला. त्यांत राग होता, आणि रागाच्या पाठीमागें थोडें रडूंही होतें.

"चार वर्षं ती त्यांच्याबरोबर राहिली, पडेल तें काम केलं, जिवावरच्या प्रसंगांत साथ दिली, आणि जायची वेळ आली तेव्हां तिला नीट निरोपसुद्धां दिला नाहीं!"

मी जिन्यांतच थबकलों. ज्याचा जन्म एकत्र कुटुंबांत गेला, त्याला असलें वाक्य ऐकून थबकावेंच लागतें. चार वर्षें आमच्याकडे राहून गेलेलें असें कोण बरें? शिक्षणासाठीं राहिलेली मावसबहिणीची मुलगी? कीं वहिनींच्या गुडघ्याच्या दुखण्यांत स्वयंपाकाला येणाऱ्या बाई? त्या बाईंना जातांना पातळ द्यायचें राहून गेलें होतें, हेंही मला नेमकें त्याच क्षणीं आठवलें. अपराधी चेहऱ्यानें मी खालीं उतरलों आणि विचारलें, "काय ग, कोणाचा अपमान झाला आपल्या हातून?"

नात आणि नातू एकमेकांकडे पाहून मोठ्यानें हंसले. जिच्यासाठीं हें सारें चाललें होतें ती मुलगी आमच्या घरची तर नव्हतीच, पण या जगांतलीही नव्हती. तिचें नांव यास्मिन खान. ती इंग्लंडांतील शेफील्ड गांवीं पोलिसांत उमेदवारी करी, आणि एका निळ्या पेटींत बसून भूत-भविष्याचा प्रवास करून येई. 'डॉक्टर हू' नांवाच्या विलायती विज्ञानमालिकेंतलें तें एक पात्र होतें.

वाचकांना आमच्या घराची थोडी ओळख करून दिली पाहिजे. आम्ही नाशकास इंदिरानगरांत राहतों. गच्चीवर उभें राहिलें म्हणजे पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. दोघां भावांचें कुटुंब अजून एका स्वयंपाकघरांत जेवतें. थोरले बंधू आतां नाहींत; वहिनी ऐंशी ओलांडून आहेत आणि घरावर त्यांचेंच राज्य आहे. नात ही माझ्या पुतण्याची मुलगी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. आणि नातू माझ्या मुलाचा, यंदा अकरावींत. विज्ञानकथांचें वेड दोघांनाही जयंत नारळीकरांच्या गोष्टींपासून लागलें. २०२१ सालच्या डिसेंबरांत नाशकास ९४ वें साहित्य संमेलन भरलें, तेव्हां नारळीकर त्याचे अध्यक्ष. प्रकृतीमुळें ते येऊं शकले नाहींत, आणि ज्यांना पाहायचें म्हणून महिनाभर हट्ट धरला तेच नाहींत म्हणून हीं दोघें त्या दिवशीं जेवलीं नव्हतीं. २०२५ च्या मे महिन्यांत नारळीकर गेले, तेव्हां नातीनें त्यांचीं पुस्तकें कपाटांतून काढून पुसून पुन्हा लावलीं. तो तिचा निरोप. तेव्हां निरोपाविषयीं बोलण्याचा अधिकार तिला नाहीं असें मला म्हणतां येईना.

मग तिनें मला ती मालिका समजावून दिली. २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ती लंडनांत सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा चोवीस वर्षांचा तरुण लखनौचा जन्मलेला, हें ऐकून मी जरा सावरून बसलों. मालिकेचा नायक 'डॉक्टर' हा मरणोन्मुख झाला म्हणजे काया पालटतो आणि नव्या देहानें पुढें चालूं लागतो. जुनें वस्त्र टाकून नवें घेण्याची ही कल्पना आपल्याला कांहीं परकी नाहीं. पण इंग्रजांना ती सुचली ती वेदांतामुळें नव्हे, अडचणीमुळें. १९६६ सालीं पहिला नट विल्यम हार्टनेल याची प्रकृति ढांसळली; नायकाला तर मारतां येईना; तेव्हां ही तोड निघाली. म्हणजे एका थकलेल्या माणसाला सन्मानानें निरोप कसा द्यावा या विवंचनेंतून जी युक्ति निघाली, तिच्याच बळावर ती मालिका, मध्यें खंड पडूनही, साठ वर्षें ओलांडून गेली. मला ही गोष्ट फार आवडली.

"मग यांत भांडण कसलें?" मीं विचारलें.

भांडण असें होतें. २०१८ सालीं डॉक्टर पहिल्यांदांच स्त्रीच्या देहांत वावरूं लागला, आणि त्या वेळीं ही यास्मिन तिची सोबतीण झाली. २०२२ सालीं दोघींचीही रजा एकाच भागांत झाली. शेवटीं त्या निळ्या पेटीच्या छपरावर बसून दोघी आइस्क्रीम खातात. खालीं सबंध पृथ्वी तरंगत असते. आणि मग डॉक्टर एकटी पुढें निघून जाते. नातवाचें म्हणणें, एवढा सुंदर निरोप दुसऱ्या कोणाला मिळालाच नाहीं. रडारड नाहीं, भाषणें नाहींत. नातीचें म्हणणें, चार वर्षें बरोबर राहूनही त्या मुलीच्या मनांत काय आहे हें लेखकांनीं पुरतें बोलूं दिलें नाहीं. तिच्या मनांत डॉक्टरविषयीं जें प्रेम होतें तेंही अर्धवट ठेवलें. आणि वर आइस्क्रीम देऊन बोळवण केली.

"ती आपल्याकडची म्हणून तुला एवढं वाटतं," नातू म्हणाला. "गोष्ट चांगली असली म्हणजे झालं. कोण कुठल्या मुलखाचं हें कशाला मोजायचं?"

"जे नेहमीं गोष्टींत असतात त्यांना मोजावं लागत नाहीं," नात म्हणाली. "याला प्रतिनिधित्व म्हणतात."

प्रतिनिधित्व हा शब्द मी आजवर महापालिकेच्या निवडणुकींत तेवढा ऐकला होता. मला हंसूं आलें. पण निवाडा करायला बसवलें होतें, म्हणून मीं वडीलकीच्या सुरांत पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बोट केलें. त्याच्या पायथ्याशीं दादासाहेब फाळक्यांचें स्मारक आहे. मीं सांगितलें, "अरे, १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला तेव्हां तारामतीचें काम करायला बाई मिळेना. शेवटीं ग्रँट रोडच्या एका हॉटेलांत स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढें १९१७ च्या 'लंकादहना'त तर रामही तेच आणि सीताही तेच! लोकांनीं तरीही डोळे भरून पाहिलेंच ना?"

माझा दाखला बिनतोड आहे अशी माझी समजूत होती. नात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे पडद्यावर तारामती होती, पण बाई नव्हती. धाकटे आजोबा, मी तेंच तर म्हणतें आहें."

मी गप्प बसलों. मग आठवलें तें प्रामाणिकपणें सांगून टाकलें, कीं त्याच वर्षीं फाळके नाशकास आले आणि 'मोहिनी भस्मासुर' काढला, त्यांत दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या पहिल्या चित्रपटाच्या वेळीं फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत राबत होत्या. "त्यांचं नांव मला ठाऊक नव्हतं," नातू म्हणाला. तो एवढेंच म्हणाला, पण भांडणाचा जोर त्याच्या बाजूनें तेवढ्यानें ओसरला.

त्या रात्रीं दोघांनीं आम्हांला त्या मालिकेचा एक भाग दाखवला. वहिनीही येऊन बसल्या. फाळणीची गोष्ट आहे म्हटल्यावर त्यांनीं जपाची माळ बाजूला ठेवली. ११ नोव्हेंबर २०१८ रोजीं दाखवलेला आणि विनय पटेल या लेखकानें लिहिलेला हा भाग. यास्मिन आपल्या आजीचें तारुण्य पाहायला १९४७ सालच्या पंजाबांत जाते. आजी मुसलमान, नवरा मुलगा हिंदु. आणि सीमेची रेघ नेमकी त्यांच्या शेतांतून गेलेली. (हा पंजाब चित्रित केला स्पेन देशांत, अशी माहिती नातवानें मध्येंच पुरवली, आणि वहिनींनीं त्याला गप्प बसवलें.) त्या गोष्टींत दोन भयंकर परग्रहवासी हिंडत असतात. ते मारेकरी असावेत असें सर्वांना वाटतें. पण तसें नसतें. त्यांचा स्वतःचा ग्रह एका क्षणांत नष्ट झाला, आणि आपल्या माणसांचें मरण पाहायला ते तेथें नव्हते. तेव्हांपासून त्यांनीं एकच व्रत घेतलें आहे: विश्वांत जेथें कोणी एकाकी, कोणाच्या अश्रूंवांचून मरत असेल, तेथें जाऊन नुसतें उभें राहावयाचें. ते मरण टाळूं शकत नाहींत. ते साक्षी राहतात, एवढेंच. नवऱ्या मुलाला दंगेखोर मारतात, आणि त्या दंगेखोरांत त्याचा सख्खा भाऊ असतो. यास्मिन आणि तिचे सोबती माघारीं वळतात. आणि तीं दोन भुतासारखीं दिसणारीं माणसें त्याच्याजवळ उभीं असतात.

भाग संपला तरी वहिनी उठल्या नाहींत. त्यांनीं फक्त विचारलें, "ते दोघे बोलत कांहीं नाहींत का त्याच्याशीं?" नातीनें नाहीं म्हणून सांगितलें. त्या आपल्याशींच म्हणाल्या, "बोलायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशीं फराळाच्या वेळीं विषय पुन्हा निघाला. नातीनें आतां दुसऱ्या मालिकेंतला दाखला आणला होता. १९६६ सालीं अमेरिकेंत 'स्टार ट्रेक' सुरू झाली. तींत निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय नटी अंतराळयानावरच्या दळणवळण अधिकाऱ्याचें, उहुराचें, काम करी. वाक्यें थोडीं, मान थोडा. तेव्हां पहिलें वर्ष संपतांच नोकरी सोडून रंगभूमीवर परत जायचें तिनें ठरवलें. इतक्यांत एका समारंभांत तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले. ते तिची मालिका घरीं मुलांसह पाहत असत. त्यांनीं तिला विनवलें कीं, सोडूं नका. आमचीं माणसें उद्यांच्या जगांत बरोबरीनें वावरतांना प्रथमच दिसत आहेत. तुम्ही गेलांत तर ती जागाच नाहींशी होईल. ती राहिली. पुढें १९९२ सालीं मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळांत गेली, आणि आपण लहानपणीं उहुराला पाहत होतों असें ती सांगत असे.

"आणि आपली पर्सिस खंबाटा," नात पुढें म्हणाली. मुंबईची ही पारशी मुलगी १९६५ सालची 'मिस इंडिया'. १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटांत तिला इलिया या परग्रहावरच्या स्त्रीची भूमिका मिळाली, आणि त्या भूमिकेसाठीं तिनें डोक्यावरचे सगळे केस काढले.

वहिनी लाडू वळत होत्या. त्यांचा हात थांबला. "सगळे? हौसेनं काढले कीं कोणी काढवले?"

"भूमिकेसाठीं, मोठी आजी. तिच्या मर्जीनं."

"मग हरकत नाहीं," वहिनी म्हणाल्या. "शेवटीं काय होतं तिचं?"

नातवानें सांगितलें. चित्रपटाच्या शेवटीं इलिया आणि तिचा सोबती एका अफाट यंत्रबुद्धींत विलीन होऊन जातात. मृतांची यादी मागितली जाते तेव्हां कप्तान आधीं त्यांचीं नांवें मृतांत सांगतो, आणि मग स्वतःलाच दुरुस्त करतो: मृत नव्हेत, बेपत्ता म्हणून लिहा.

वहिनी पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आमच्या आत्यांना कोणी विचारलं नव्हतं."

येथें मला थांबून त्या आत्येविषयीं सांगितलें पाहिजे. ती माझ्या आजोबांची थोरली बहीण. जन्म १८९८ चा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला होता. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला होता. या सर्वांच्या नंतर जन्माला येऊन ही मुलगी १९१० सालीं, बाराव्या वर्षीं, विधवा झाली, आणि तिचें केशवपन झालें. आमचे पणजोबा शिकलेले होते. घरांत हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' होती. 'करमणुकी'च्या अंकांतून ती क्रमशः येत असतां आमच्या घरच्या बायका पुढच्या अंकाची वाट पाहत आणि यमूसाठीं रडत, असें मीं आजीच्या तोंडून ऐकलें आहे. पुस्तकांतल्या यमूसाठीं हें घर रडलें, आणि घरांत यमू झाली तेव्हां त्याच घरानें न्हाव्याला बोलावलें. नाशकाहून कर्व्यांचें हिंगणें कांहीं फार दूर नव्हे. पण आमच्या पंचवटींतल्या वाड्यापासून तें एखाद्या ताऱ्याइतकें दूर होतें.

पुढें अठ्ठावन्न वर्षें आत्या त्या वाड्यांत राहिली. तांबडें आलवण, हातांत कांहीं नाहीं, कपाळीं कांहीं नाहीं. पहांटे चारला उठून ती सोंवळ्याचा स्वयंपाक करी. लोणच्याच्या बरण्या, मुरांबे, सणांची पक्वान्नें, बाळंतिणींचे लाडू, आजाऱ्यांचे काढे, सगळें तिच्या हातचें. मंगल कार्याच्या वेळीं मात्र ती माजघराच्या आंत. माझें बालपण तिच्या हातच्या मेतकूट-भातावर गेलें. ती गोष्टी फार छान सांगे. तिच्या गोष्टींत राक्षस असत, पांखरें असत, आटपाट नगरें असत. ती स्वतः कधींच नसे.

१९६८ सालच्या श्रावणांत ती वारली. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. त्या सोमवारीं आम्ही सारे त्र्यंबकास ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेलों होतों. संध्याकाळीं परत आलों तों आत्या गेली होती. झोपेंतच गेली, असें आम्हांला सांगण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं मला शाळेंत पाठवलें. घरांत तिची तसबीर लागली नाहीं, कारण तसबीर लावायला छायाचित्रच नव्हतें.

हें सारें मीं मुलांना सांगितलें. नातू म्हणाला, "एकसुद्धां फोटो नाहीं?"

नाहीं, असें मी म्हणणार होतों, इतक्यांत मला बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मुंजीचें छायाचित्र आठवलें. १९३४ सालचें. वाड्याच्या चौकांत घरचीं एकूणएक माणसें बसलेलीं आहेत. मध्यें बापू, गुळगुळीत डोक्याचे, दंड हातांत धरून. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर आजोबांच्या मोडी वळणाच्या अक्षरांत डावीकडून उजवीकडे सत्तावीस नांवें. कपाटांतून तें काढलें. नातीनें आपल्या फोनवर त्याचें चित्र घेतलें आणि तें मोठें करून एकेक चेहरा पाहूं लागली. पाहतां पाहतां ती थांबली.

"धाकटे आजोबा, इथं दारांत कोण आहे?"

मीं चष्मा लावला. माजघराचें दार अर्धवट उघडें होतें. त्या फटींत एका लुगड्याचा गडद पदर होता, आणि चौकटीवर टेकलेलीं चार बोटें. चेहरा नव्हता. नव्वद वर्षें तें छायाचित्र आमच्या घरांत होतें. शेंकडों वेळां मीं तें पाहिलें असेल. तीं बोटें मीं कधीं पाहिलीं नव्हतीं. पीठ मळून आलेला हात पुसून, आपल्या भाच्याची मुंज दाराआडून पाहायला ती आली असावी.

"ही आत्या," वहिनी म्हणाल्या. "तीं बोटं ओळखतें मी."

"नांव काय होतं त्यांचं?" नातीनें विचारलें. "मागं लिहितें."

आणि वाचकहो, मला तिचें नांव ठाऊक नव्हतें. मी तिला आत्या म्हणे, बापू तिला आत्या म्हणत, आजोबा आक्का म्हणत. जिच्या हातचें खाऊन मी वाढलों तिचें नांव मीं सत्तर वर्षांत एकदांही विचारलें नव्हतें. त्याहून वाईट गोष्ट मला त्याच वेळीं आठवली. १९८८ सालीं वाडा सोडून आम्ही इंदिरानगरांत आलों, तेव्हां माळ्यावर तिची एक लहानशी लाकडी पेटी निघाली होती. नव्या घरीं अडगळ नको म्हणून ती मींच, न उघडतां, मोडींत घातली. तींत काय होतें तें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. त्या चित्रपटांतल्या कप्तानाला निदान 'बेपत्ता' असें लिहावेंसें वाटलें. मीं तेवढेंही केलें नव्हतें.

"मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनीं जें सांगितलें तें त्यांनीं सत्तावन्न वर्षें कोणालाही, माझ्या भावालासुद्धां, सांगितलेलें नव्हतें. लग्न होऊन आल्या त्या सालीं, एका दुपारीं तांदूळ निवडतां निवडतां, त्यांनीं आत्येला नांव विचारलें होतें. आत्या हंसली आणि म्हणाली, "त्या नांवानं हांक मारणारं आतां कोणी राहिलं नाहीं ग." आणि मग हळूच सांगितलें.

"त्या सोमवारीं तुम्ही सगळे त्र्यंबकाला गेलांत, भाऊजी. मी बाजूला बसले होतें, म्हणून घरीं. आत्यांना ताप होता, म्हणून त्या घरीं. दुपारीं आंतून भांडं पडल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेलें. त्या जमिनीवर पडल्या होत्या. मला शिवायची सोय नव्हती. जन्मभराचं सोंवळं त्यांचं. हांका मारल्या, 'आत्या, आत्या.' ओळख नाहीं. कोणाला बोलवावं तर शेजारीं चिटपांखरूं नाहीं. शेवटीं मी आंत गेलें, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशीं त्या नांवानं हांक मारली. तेव्हां त्यांनीं डोळे उघडले. मीं गंगेचं पाणी घातलं तोंडांत. त्या प्याल्या. मला वाटतं त्यांना कळलं होतं मी कोण तें, आणि कशी आहें तें. त्यांनीं माझा हात बाजूला केला नाहीं."

वहिनी थांबल्या. कोणी कांहीं बोललें नाहीं.

"मग मीं त्यांना नीट निजवलं आणि पुन्हा माझ्या जागीं जाऊन बसलें. तुम्ही आलांत तेव्हां म्हणालें, झोपेंतच गेल्या. खरं सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, अखेरच्या घटकेला विटाळ केला. त्याचं मला कांहीं नव्हतं. पण त्यांचं मरण बाटलं असं कोणी म्हणायला नको होतं. काल त्या गोष्टींत ते दोघे नुसते उभे राहिले, तेव्हां मला वाटलं, नांव घेऊन हांक तरी मारायची होती."

मीं आयुष्यभर मुलांना शिकवलें. पुस्तकें वाचलीं, चार लेखही लिहिले. या घरांतल्या रूढींविषयीं माझीं मतें मोठीं सुधारक होतीं. परंतु त्या घरांत रूढी मोडली ती वीस-बावीस वर्षांच्या एका सुनेनें, आणि तिनें त्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. त्या दुपारीं मला कळलें कीं, नातीचें आणि नातवाचें भांडण दोन गोष्टींविषयीं नव्हतें, एकाच गोष्टीविषयीं होतें. निरोप हा जातांना द्यावयाचा नसतोच. माणूस असतांना त्याला जी जागा दिलेली असते तीच जातांना निरोपाच्या रूपानें दिसते. ज्याला गोष्टींत नांव नाहीं, त्याला निरोप कोण आणि कसा देणार? म्हणून परक्या देशांतल्या एका कल्पित मुलीसाठीं आमची नात भांडते, तेव्हां तिला वेडी म्हणण्याचा मला अधिकार उरला नाहीं. दाराच्या फटींतलीं चार बोटें तिनें पाहिलीं, तीं मीं पाहिलीं नव्हतीं.

नातीनें तें नांव छायाचित्रामागें लिहिलें. आजोबांच्या सत्तावीस नांवांखालीं एक ओळ सोडून, "दारांत उभ्या" असें लिहून, पुढें सबंध नांव. तें मी येथें देत नाहीं. छापील कागदावर आपलें नांव आलेलें पाहून आत्या संकोचली असती. घरांतल्यांना तें ठाऊक झालें, एवढें पुरे आहे. यंदाच्या श्रावणांत तिच्या नांवानें पान वाढायचें ठरलें आहे, आणि त्या दिवशीं सोंवळ्याओंवळ्याची पंचाईत कोणी करायची नाहीं, असा वहिनींचा हुकूम आहे. स्वयंपाकाच्या बाईंना पातळ पोंचतें केलें, हेंही सांगून टाकतों.

रात्रीं दिवे मालवतांना वहिनींनीं नातीला विचारलें, "ती तुझी यास्मिन ग. आइस्क्रीम खाल्लं, पुढं काय? एकटीच सोडून दिली तिला?"

"नाहीं, मोठी आजी. तिच्या आधीं ज्यांनीं डॉक्टरचा निरोप घेतला होता, त्यांतलीं कांहीं माणसं एका खोलींत जमलेलीं असतात, आपापलं सांगत. तिला त्यांच्यांत नेऊन पोंचवतात."

"मग झालं," वहिनी म्हणाल्या. "पोरीला आपलीं माणसं मिळालीं म्हणजे झालं."